स्फटिक फोडणारा मास्तर : रेने-ज्यूस्त आउई

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या पोशीरला दगडाची ददात नाही. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला भीमाशंकरची रांग, आणि मधल्या भातखाचरांच्या बांधांपासून देवळाच्या जोत्यापर्यंत सगळीकडे तोच काळा पाषाण. दगड म्हणजे वाट अडवणारी, नांगराचा फाळ मोडणारी आणि भांडणात हाताला सापडणारी वस्तू, यापलीकडे त्याच्याकडे कुणी पाहिले नव्हते. निदान आमच्या घरात तरी आम्ही विहीर खणेपर्यंत ते कुणाला सुचले नाही.

मी सातवीत होतो तेव्हा बाबांनी कर्ज काढून शेतात विहीर घातली. वडार मंडळी आली, यारी उभी राहिली, सुरुंगांचे आवाज सुरू झाले. वीस-बावीस फुटांवर कातळ लागला आणि पाण्याचा पत्ता नाही. घरात बोलणे कमी झाले. अशात एके दिवशी सुरुंग उडवल्यावर जो माल वर आला, त्यात एक पोकळी असलेला धोंडा निघाला. आत अक्षरशः लखलखाट! नारळाच्या करवंटीएवढ्या त्या पोकळीत बोटाच्या पेराएवढे चौकोनी, पाण्यासारखे स्वच्छ खडे दाटीने बसलेले, आणि त्यांच्या मधून पांढऱ्या सुयांचे झुपके. आम्हा पोरांना ती खडीसाखर वाटली. मी एक खडा चाटूनही पाहिला. चव नव्हती.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत कुणी त्याला गारगोटी म्हणाले, कुणी काच, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो हिरा असल्याचे ठामपणे सांगून टाकले. हिरा हा शब्द कानावर पडताच बाबांचा चेहरा जो झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. आजी मात्र पक्की व्यवहारी. हिरा आगीला भीत नाही असे कुठेसे ऐकलेले असावे. तिने एक खडा उचलला आणि सरळ चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकला. थोड्या वेळाने चिमट्याने बाहेर काढला तर तो पांढराफटक झालेला, फुगलेला, आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागलेले. हिऱ्याचा निकाल तिथेच लागला होता. तरीही बाबा दुसऱ्या दिवशी एक खडा घेऊन तालुक्याच्या गावी सोनाराकडे गेलेच. सोनाराने कानस मारली, ओरखडा पाहिला आणि खडा परत हातावर ठेवला. बाबा संध्याकाळच्या गाडीने परत आले आणि न जेवता झोपले.

पुढे पंधरा दिवसांनी खडे गोळा करणारा एक फिरता व्यापारी आला आणि सगळी टोपली दोनशे रुपयांत घेऊन गेला. त्या वेळी आम्हाला ते दोनशे रुपये म्हणजे देवाने दिल्यासारखे वाटले. त्या वस्तूचे नाव काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि त्याने सांगितले नाही. नाव ठाऊक नसलेल्या मालाची किंमत घेणाराच ठरवतो. असो. आणखी पाच हात खाली गेल्यावर विहिरीला पाणी लागले आणि हे प्रकरण घरापुरते मिटले.

ते माझ्यापुरते मिटले नव्हते, हे कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या भूगोलाच्या सरांना मी शिल्लक राहिलेला एक खडा दाखवला, तेव्हा त्यांनी काही न बोलता चाकू, काचेचा तुकडा आणि भिंग मागवले. पाच मिनिटांत त्यांनी नाव सांगितले : ॲपोफिलाइट. हे नाव कुणी ठेवले याचा शोध घेता घेता मी एका फ्रेंच धर्मगुरूपाशी जाऊन पोहोचलो. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ पाने सुटून वेगळा होणारा, असा आहे. तापवल्यावर याचे पापुद्रे सुटतात म्हणून त्या माणसाने १८०६ साली हे नाव ठेवले. म्हणजे आमच्या आजीने चुलीत जी परीक्षा घेतली, तीच! फक्त आजीने त्यावर ग्रंथ लिहिला नाही.

त्या माणसाचे नाव रेने-ज्यूस्त आउई. कलाशाखेच्या वार्षिकात खनिजांचे काय काम, असे ज्या मित्रांना वाटेल त्यांना आधीच सांगतो, की हा गृहस्थ आपल्यापैकीच होता. वयाची पस्तिशी जवळ येईपर्यंत तो मुलांना लॅटिन शिकवत होता.

आउई यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजी उत्तर फ्रान्समधील सँ-ज्यूस्त-आँ-शोसे या लहान गावी झाला. वडील विणकर, घरची गरिबी. मुलाचे शिक्षण कुठवर जाणार हे त्या काळच्या मानाने ठरलेलेच होते. परंतु या पोराला चर्चमधल्या संगीताची विलक्षण ओढ. गावातल्या मठात प्रार्थनेला तो नेमाने जाऊन बसे. मठाच्या प्रमुखाचे लक्ष त्याच्याकडे गेले, त्याने आपल्या साधूंकडून मुलाला शिकवण्याची सोय केली, आणि पुढे आईला सुचवले की याला पॅरिसला न्यावे. आई खरोखरच थोडीशी पुंजी घेऊन पॅरिसला गेली. सुरुवातीला मुलाला एका चर्चच्या गायनवृंदात जागा मिळाली, आणि मग नाव्हार नावाच्या प्रसिद्ध कॉलेजात शिष्यवृत्ती. शिकला त्याच कॉलेजात तो वयाच्या एकविसाव्या वर्षी शिक्षक झाला. १७७० साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, आणि नंतर ते कार्दिनाल लमुआन या दुसऱ्या कॉलेजात लॅटिन शिकवू लागले. आबे म्हणजे धर्मगुरू. म्हणून आबे आउई.

या कॉलेजात लोमों नावाचे एक वयस्कर सहकारी होते. लॅटिन व्याकरणावरची त्यांची पुस्तके फ्रान्समध्ये कित्येक पिढ्यांनी घोकली, आपल्याकडे तर्खडकरांची घोकली तशी. लोमोंना वनस्पतींचा नाद. रोज फिरायला जाताना ते रोपटी गोळा करीत. आउईंना त्यातले काही कळत नसे. पण मित्राला सोबत द्यायची म्हणून त्यांनी एका सुट्टीत गावी जाऊन तिथल्या एका साधूकडून वनस्पतींची नावे आणि लक्षणे शिकून घेतली, आणि परत आल्यावर लोमोंना चकित केले. मला या माणसाविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो इथे. शास्त्राची ओढ म्हणून नव्हे, मैत्रीखातर तो शास्त्राकडे वळला.

कॉलेजजवळच राजाची बाग होती. तिथे दोबाँतों हे नामवंत पंडित खनिजांवर व्याख्याने देत. एकदा लोकांची गर्दी आत जाताना पाहून आउईही आत शिरले आणि खिळून बसले. वनस्पतींच्या अभ्यासाने त्यांच्या मनात एक शंका तयार झाली होती. जास्वंद कुठेही लावा, पाकळ्या पाचच. फूल ही केवढी गुंतागुंतीची वस्तू, तरी तिचा आकार ठरलेला. मग खनिज हे त्या मानाने साधे. त्याच्यात एकच पदार्थ असून त्याचे आकार मात्र दहा प्रकारचे कसे? कॅल्साइट हे खनिज घ्या. चुनखडीचा हा शुद्ध प्रकार. कुठे तो सहा बाजूंच्या खांबासारखा सापडतो, कुठे कुत्र्याच्या सुळ्यासारखा टोकदार, कुठे कलत्या ठोकळ्यासारखा. एकाच आईची लेकरे, पण एकाचे तोंड दुसऱ्याला मिळत नाही.

इथे थोडे थांबून खनिज म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण मलाही खडक आणि खनिज यांतला फरक परवापरवापर्यंत ठाऊक नव्हता. खनिज म्हणजे निसर्गात आपोआप तयार झालेला, सजीवाच्या शरीराबाहेरचा, ठराविक रासायनिक घटना असलेला घन पदार्थ, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या आतले अणू एका ठरलेल्या रचनेत रांगा धरून बसलेले आहेत असा. काच हे खनिज नाही, कारण तिच्या अणूंना ही शिस्त नसते. खडक म्हणजे खनिजांचे मिश्रण. चिवड्यात पोहे, दाणे, खोबरे असते तसे. आपला काळा पाषाण हा खडक आहे. त्यात फेल्स्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे इतक्या बारीक कणांनी मिसळलेली असतात की डोळ्यांना एकच काळा रंग दिसतो.

तर, आउईंच्या आयुष्यातला तो सुप्रसिद्ध अपघात. त्यांच्या मृत्यूनंतर क्यूव्हिए या शास्त्रज्ञांनी जे श्रद्धांजलीपर भाषण केले त्यात ही हकीकत आहे. एका मित्राच्या घरी खनिजांचा संग्रह पाहत असताना आउईंच्या हातून कॅल्साइटचा एक सुरेख गुच्छ निसटून पडला आणि त्यातला एक सहा बाजूंचा खांब तुटला. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू फोडल्यावर आपल्यासारखा माणूस माफी मागून काढता पाय घेईल. यजमान मोठ्या मनाचा, त्याने तुकडा त्यांनाच देऊन टाकला. आउई तुकड्याकडे पाहत राहिले. तुटलेली बाजू वेडीवाकडी नव्हती. ती आरशासारखी गुळगुळीत होती आणि एका ठराविक कोनात कललेली होती. घरी नेऊन त्यांनी तो आणखी फोडला. प्रत्येक घावाला पुन्हा तशीच सपाट बाजू. खांबाच्या पोटातून शेवटी एक कलता ठोकळा बाहेर आला, आइसलँडच्या पारदर्शक कॅल्साइटचा असतो अगदी तसा. मग त्यांनी आपल्या संग्रहातला सुळ्यासारखा स्फटिक फोडला. त्याच्या पोटातही तोच ठोकळा!

कोडे सुटले होते. बाहेरचे आकार कितीही वेगळे असोत, आतली वीट एकच. आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. ज्यांनी भट्टी रचताना पाहिली असेल त्यांना आउईंचे सगळे शास्त्र एका मिनिटात कळेल. वीट एकाच साच्यातली असते. पण प्रत्येक थराला कडेची एक ओळ कमी करीत गेलात तर उतार एक येतो, दोन ओळी कमी केल्यात तर दुसरा. लांबून पाहणाऱ्याला उतार गुळगुळीत दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत. स्फटिकाच्या विटा तर डोळ्यांना दिसणेच शक्य नाही इतक्या लहान. मग त्याच विटेपासून खांब, सुळा, ठोकळा असे आकार का होणार नाहीत? आणि ओळी कमी होतात त्या एक, दोन, तीन अशा पूर्ण आणि लहान आकड्यांनीच, कारण अर्धी वीट निसर्ग ठेवत नाही. त्यामुळे कोणत्या उताराचे कोन संभवतात आणि कोणते संभवत नाहीत, हे कागदावर गणिताने काढता येऊ लागले. या कामासाठी लागणारी भूमिती आउईंनी जवळजवळ नव्याने शिकून घेतली.

लॅटिनच्या या मास्तराने आपले निष्कर्ष १७८१ साली विज्ञान अकादमीपुढे मांडले. दोबाँतों आणि लाप्लास यांनी त्यांना पुढे आणले. १७८३ मध्ये अकादमीत जागा मिळाली ती मात्र वनस्पतिशास्त्र विभागात, कारण दुसरीकडे रिकामी जागा नव्हती! सरकारी कामकाज सगळीकडे सारखेच. १७८४ साली स्फटिकांच्या रचनेवरचा त्यांचा पहिला ग्रंथ निघाला. सगळ्यांनीच स्वागत केले असे नाही. रोमे द लिल हे त्या काळचे स्फटिकांचे थोर जाणकार. त्यांनी आयुष्यभर अखंड स्फटिकांचे कोन मोजले होते, आणि हा नवा माणूस स्फटिक फोडत सुटलेला. त्यांनी आउईंची स्फटिकभंजक म्हणून थट्टा केली. मूर्तिभंजक या शब्दावरची ती कोटी होती. दुसरीकडे लाव्हाझिए, लाग्रांज, लाप्लास यांच्यासारखी माणसे त्यांच्या कॉलेजात येऊन त्यांचे धडे ऐकत असत, असे क्यूव्हिए सांगतात.

मग राज्यक्रांती आली. धर्मगुरूंनी नव्या राज्यव्यवस्थेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. आउई राजकारणापासून चार हात दूर असणारे, पण शपथ त्यांच्या सदसद्विवेकाला पटेना. त्यांनी ती घेतली नाही. ऑगस्ट १७९२ मध्ये शिपाई त्यांच्या खोलीत शिरले, कागदपत्रे उधळली, स्फटिक इकडेतिकडे फेकले आणि त्यांना शेजारच्याच सँ-फिर्मँ या धर्मशाळेवजा तुरुंगात नेऊन ठेवले. तिथे इतर धर्मगुरू प्राणांची काळजी करीत बसलेले, आणि आउई आपले स्फटिकांचे खण मागवून घेऊन पुन्हा लावीत बसलेले.

बाहेर त्यांचा एक शिष्य होता. एत्येन जोफ्रुआ सँ-हिलेर, वय वीस. पुढे प्राणिशास्त्रात त्याचे नाव झाले, पण मला तो लक्षात राहिला तो या धावपळीसाठी. त्याने अकादमीच्या सभासदांच्या घरोघर फिरून, वशिला लावून सुटकेचा हुकूम मिळवला. हुकूम घेऊन संध्याकाळी तुरुंगात पोहोचला तर आउई निघायला तयार नाहीत! उशीर झाला होता, खडे लावून व्हायचे होते आणि सकाळची प्रार्थना चुकवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढावे लागले. थोड्याच दिवसांत, सप्टेंबरच्या सुरुवातीला, पॅरिसच्या तुरुंगांतून कत्तली झाल्या. सँ-फिर्मँमध्ये जे राहिले होते त्यांतल्या बहुतेकांना ठार मारण्यात आले. त्या रात्री हाच वीस वर्षांचा मुलगा शिडी घेऊन भिंतीशी उभा होता, आणि त्याने आणखी काही धर्मगुरूंना बाहेर काढले. गुरुदक्षिणेच्या गोष्टी आपण पुराणात वाचतो. ही मला त्या तोडीची वाटते.

अशा प्रसंगातून सुटलेला माणूस पुढे तोंड मिटून राहिला तर त्याला कुणी दोष देणार नाही. आउई तेव्हा वजनमापांच्या आयोगावर काम करीत होते. आज आपण दुकानात ज्या किलोग्रॅमने तांदूळ घेतो, त्याचा पाया त्या आयोगाने घातला. किलोग्रॅम ठरवण्यासाठी ठराविक घनफळाच्या पाण्याचे वजन काढणे आवश्यक होते, आणि १७९३ च्या सुरुवातीला हे मोजमाप लाव्हाझिए आणि आउई यांनी मिळून केले. (आमच्या आजीचा अजूनही पायलीवर जास्त विश्वास आहे, ही गोष्ट वेगळी.) त्याच वर्षी नोव्हेंबरात लाव्हाझिए यांना अटक झाली. त्यांच्याविषयी एक शब्द काढणेही धोक्याचे होते. पण शपथ न घेतलेला, एकदा तुरुंग पाहून आलेला हा धर्मगुरू आणि त्याचे सहकारी बोर्दा या दोघांनी लाव्हाझिएंना सोडावे म्हणून अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केला. उपयोग झाला नाही. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. आउईंच्या चरित्रातला हा भाग मी पुनःपुन्हा वाचला. स्वभावाने भिडस्त, बोलायला मृदू अशा माणसात हे बळ कुठून आले असेल?

पुढची वर्षे कामाची आणि मानाची. खाणकाम विद्यालयाच्या खनिजसंग्रहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८०१ साली खनिजशास्त्रावरचा त्यांचा चार खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८०२ मध्ये ते पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या बागेत ते एके दिवशी सहज शिरले होते, तीच ही जागा.

या ग्रंथाने खनिज ओळखण्याची रीतच बदलली. तोवर रंगावर फार भिस्त असे. रंग हा फसवा असतो. चिमूटभर लोहाने गारगोटीची जांभळी होते, आणि आमच्याच घाटातला ॲपोफिलाइट कधी पांढरा तर कधी हिरवा निघतो. सरांनी माझा खडा ओळखताना रंगाकडे पाहिलेच नाही. आधी त्यांनी तो नखाने ओरखडून पाहिला, मग आजीच्या पेटीतल्या जुन्या तांब्याच्या पैशाने, मग चाकूने. नखाने आणि पैशाने काही झाले नाही, चाकूने मात्र रेघ उठली. काचेवर घासला तर काचेला काही झाले नाही. म्हणजे कठीणपणा साधारण साडेचार ते पाच. ही एक ते दहाची मोजपट्टी फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली बसवली. एकवर संगजिरे, तीनवर कॅल्साइट, सातवर गारगोटी, दहावर हिरा. आमच्या सोनाराने कानस मारली तेव्हा त्याने नकळत हीच परीक्षा घेतली होती. हिऱ्यावर कानशीचा ओरखडा उठत नाही.

मग आली आउईंची खास परीक्षा. माझा खडा दिसायला चौकोनी ठोकळा. पण मीठही चौकोनी असते. मिठाचा खडा फोडला तर तो तिन्ही दिशांनी सारखाच, काटकोनात फुटतो. सरांनी चाकूचे पाते माझ्या खड्याच्या बाजूला लावून हलकेच ठोकले, आणि त्याची एकच दिशेने चकती निघाली, वरच्या सपाट तोंडाला समांतर. दुसऱ्या दिशांनी तो नुसता चुरला. म्हणजे बाहेरून घनासारखा दिसला तरी आतून घन नव्हे. एक दिशा उरलेल्या दोन दिशांहून वेगळी. भिंगातून पाहिले तर वरच्या तोंडाची चमक मोत्यासारखी आणि बाजूंची काचेसारखी, बाजूंवर बारीक उभ्या रेघा. सपाट फुटण्याच्या या गुणाला शास्त्रात पाटन म्हणतात. गारगोटीला ते जवळजवळ नसतेच, ती काचेसारखी खोलगट फुटते. कॅल्साइट तीन दिशांनी कलता फुटतो, आणि संडास धुण्याच्या ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसतो. (ॲसिडची परीक्षा मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी. माझ्या शर्टाला पडलेले भोक अजून आहे.) पिंगट-गुलाबी रंगाचे, मधे आवळलेल्या पेंढीसारखे दिसणारे खनिज निघाले तर ते स्टिल्बाइट. आणि आमच्या धोंड्यातल्या त्या पांढऱ्या सुया बहुधा स्कोलेसाइटच्या. त्या व्यापाऱ्याबरोबर गेल्या, म्हणून बहुधा.

ही सगळी मंडळी आपल्या कातळाच्या पोटात आली कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर पसरले. घाटाच्या बाजूला त्यांची जाडी दोन हजार मीटरपर्यंत गेली. माथेरानच्या कड्याला जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर आले आणि प्रत्येक थराच्या माथ्यावर बुडबुडे अडकून राहिले, घावनाला जाळी पडते तसे. नंतर त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपले. पाण्याने खडकातले सिलिका, ॲल्युमिना, चुना विरघळवून घेतला आणि थंड होताना पोकळीच्या भिंतीवर थोडा थोडा सोडला. जागा मोकळी, घाई नाही. म्हणून आउईंच्या विटा एकावर एक नीट बसत गेल्या. यांतल्या बऱ्याच खनिजांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. ॲपोफिलाइट त्या कुळातला नव्हे, पण त्यांच्या पंगतीला हमखास असतो. त्याच्या रचनेत पाणी अडकलेले असते. आजीच्या निखाऱ्यांवर तेच वाफ होऊन निसटले आणि पापुद्रे सुटले.

आउईंनी सह्याद्री पाहिला नाही. १८५६ ते १८६३ या काळात कर्जतच्या पुढे बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फोडला गेला, तेव्हा हे स्फटिक ढिगाने बाहेर आले आणि त्यांतले काही थेट लंडनच्या संग्रहालयात जाऊन बसले. आउई जाऊन तेव्हा तीस-चाळीस वर्षे झाली होती. आज पुण्याजवळच्या, जळगावच्या, नाशिककडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरला तर गारगोटी याच नावाचे खनिजसंग्रहालय आहे. मी तिथे गेलो होतो. काचेच्या कपाटातला हिरवा ॲपोफिलाइट पाहताना मला आमच्या टोपलीची आठवण झाली आणि मी लवकर बाहेर आलो.

आउई चुकले नाहीत असे नाही. आपल्या काळ्या पाषाणात ज्याचा मोठा वाटा आहे त्या पायरॉक्सीनचे नावही त्यांनीच १७९६ मध्ये ठेवले. अर्थ, अग्नीला परका. लाव्हात हे खनिज मुळातले नसावे, वाटेत अडकले असावे, असा त्यांचा समज होता. वस्तुस्थिती नेमकी उलटी. ते लाव्हातच जन्मते. म्हणजे अग्नीच्या या सख्ख्या लेकराला परका म्हणूनच सारे जग हाक मारते. दुसरी चूक जास्त हट्टाची. निसर्गाचे आकडे साधे असलेच पाहिजेत या श्रद्धेने त्यांनी कॅल्साइटचा कोन १०४ अंश २८ मिनिटे ४० सेकंद धरला. वोलास्टन यांनी १८०९ मध्ये प्रकाश परावर्तित करणारे अधिक अचूक कोनमापक बनवले. त्या पद्धतीने तो १०५ अंश ५ मिनिटे भरला. आउई बदलले नाहीत. एका पदार्थाची वीट एकच, या नियमालाही अपवाद निघाले. कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट यांची रासायनिक घटना एकच, पण रचना निराळी. मिचर्लिख यांनी १८१९ पासून निराळ्या पदार्थांचे सारखे स्फटिक दाखवले, तेही त्यांना रुचले नाही. म्हातारपणी आपलेच घर कुणी पाडू लागले की शहाणा माणूसही दार लावून बसतो. पण घराचा पाया खोटा नव्हता. १९१२ साली लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले, आणि आत खरोखरच एकच नमुना रांगेने पुनःपुन्हा येतो हे सिद्ध झाले. विटेच्या जागी अणूंची मांडणी आली, एवढाच फरक.

त्यांच्या धाकट्या भावाचा उल्लेख केल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. व्हालाँतँ आउई, जन्म १७४५. त्यांनी १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी जगातली पहिली शाळा काढली आणि उठावाच्या अक्षरांची पुस्तके छापली. याच शाळेत १८१९ साली लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. एक भाऊ स्फटिकाच्या कडा बोटांनी चाचपून कोन शोधत होता, दुसरा मुलांच्या बोटांना वाचायला शिकवत होता. विणकराच्या घरातली ही दोन मुले! व्हालाँतँ कित्येक वर्षे रशियात काढून १८१७ मध्ये थकून परत आले ते थोरल्या भावाच्याच घरी. त्या घरीही तेव्हा सुबत्ता नव्हती. राजेशाही परतल्यावर रेने-ज्यूस्त यांचे निवृत्तिवेतन गेले होते. तरी दिवस शिकवण्यात, प्रार्थनेत आणि ग्रंथाची दुसरी आवृत्ती तयार करण्यात जात.

मार्च १८२२ मध्ये व्हालाँतँ वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत रेने-ज्यूस्त आपल्या खोलीत पडले आणि मांडीचे हाड मोडले. अंथरुणावरही पुस्तकाचे काम चालू होते. जून १८२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा हजारो नमुन्यांचा संग्रह इंग्लंडमधल्या एका ड्यूकने विकत घेतला, आणि १८४८ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने तो परत मिळवला. आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञांची नावे कोरली आहेत त्यांत आउई हे नाव आहे. हाउइन नावाचे एक निळे खनिजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

माझ्याकडचा खडा आता काडेपेटीत कापसावर ठेवला आहे. सरांनी काढलेली चकती त्याच्या शेजारी आहे. आजीने निखाऱ्यातून काढलेला पांढरा पापुद्रा मात्र घरात कुठे सापडला नाही. तो तिने तेव्हाच राखेबरोबर परसात टाकला असणार. विहिरीच्या भिंतीत पाण्याच्या रेषेखाली तसल्याच पोकळ्यांची एक ओळ आहे, असे बाबा म्हणतात. मे महिन्यात पाणी खाली गेले की दोर लावून उतरायचे ठरले आहे. भिंग सरांनी दिले आहे, चाकू घरचा आहे.